पत्त्यांतला भारत आणि आपला डाव

एका अमेरिकन कंपनीच्या पत्त्यांच्या खेळात २०१६ साली एक नवा संच आला. खेळाचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’, संचाचे नाव ‘कलादेश’. १९९३ साली सुरू झालेल्या या खेळाचा कॅट कधी पुरा होत नाही. दरवर्षी नवे संच निघतात, बहुतेक संचांतून एखादे कल्पित जग उभे राहते आणि खेळणाऱ्याने त्यांतून निदान साठ पत्ते निवडून आपला डाव जुळवायचा असतो. ‘कलादेश’च्या जगावर ठसा होता भारताचा. राजधानीचे नाव घिरापूर. पात्रांची नावे चंद्रा, किरण, रश्मी. आणि या देशाचा मुख्य व्यवसाय कोणता, तर यंत्रे घडविणे! तेथे संशोधकांचा मेळा भरतो, नक्षीदार वाहने धावतात. ‘वाहन’ हा पत्त्याचा नवा प्रकार या खेळात आला तो याच संचातून. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला त्यातली एक गोष्ट विशेष रुचेल. वाहनाचा पत्ता आपणहून हल्ला करू शकत नाही. पात्रांचे पत्ते त्याच्या कामी लावावे लागतात. कामगारावाचून यंत्र चालत नाही, हे खेळ रचणाऱ्यांनाही उमगले म्हणायचे.

पुढे २०२५ सालच्या संचात या देशाचे नाव बदलून ‘आविष्कार’ झाले. रोमन लिपीत ‘कला’ आणि ‘काला’ सारखेच दिसतात; त्यामुळे ‘कलेचा देश’ हा वाचणाऱ्याच्या तोंडी सहज ‘काळा देश’ होतो. नवे नावही हिंदीच्या अंगाने घेतलेले. हिंदीत आविष्कार म्हणजे शोध. मराठीत तो प्रकटीकरणाच्या अर्थाने येतो. जुने आणि नवे नाव एकत्र केले तर आपला ‘कलाविष्कार’ होतो, ही गंमत त्या कंपनीच्या गावीही नसेल.

अशा प्रसंगी आपल्या समाजात दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, आमची संस्कृती विकायला काढली म्हणून संताप. दुसरी, पाहा, गोऱ्यांनीही आमची दखल घेतली म्हणून हुरळून जाणे. प्रस्तुत लेखकाला दोन्ही सारख्याच दुबळ्या वाटतात. दोहोंतही डाव मांडणारा दुसराच असतो आणि आपण केवळ प्रेक्षक.

आपले पूर्वज असे प्रेक्षक नव्हते. गंजिफा हा खेळ बाहेरून आलेला, नावही फारसी. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. आपल्या कलावंतांनी त्याच्यावर बहिष्कार घातला नाही, की तो जसाच्या तसा उचललाही नाही. त्यांनी दहा अवतारांचे दहा रंग केले आणि प्रत्येकात राजा, प्रधान व दहा साधी अशी १२० पाने रचली. मत्स्याचा मासा, परशुरामाचा परशु ही पानांवरची चिन्हे झाली. नियमही नवे बसविले : दिवसा रामाच्या राजाने डाव सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. सावंतवाडीची गोल, लाखेने चकाकणारी दशावतारी गंजिफा ती हीच. विसाव्या शतकात ही कला अस्तंगत होऊ लागली, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चितारी बसवून ती सावरली. आता ती पाने भेट म्हणून दिली जातात, दिवाणखान्यात मांडली जातात. खेळणारे मात्र दुर्मीळ झाले आहेत.

परके घेऊन आपलेसे करण्याची ही रीत औद्योगिक पट्ट्याला अनोळखी नाही. आकुर्डीत बजाजची स्कूटर इटलीच्या पियाज्जिओच्या परवान्याने ‘व्हेस्पा’ म्हणून बनत असे. करार संपल्यावर १९७२ साली ‘चेतक’ आली. यंत्राचे वळण इटालियनच होते. पण नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे होते आणि पुढची वाट आपली. पिंपरीच्या टाटांची ‘इंडिका’ १९९८ साली आली, ती भारतीय अभियंत्यांनी सिद्ध केलेली. मोटार घडविणाऱ्या या नगरीला मुलांसाठी पत्त्यांचा एक संच घडवता येऊ नये?

पालकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. हे पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात. ‘कलादेश’च्या पाकिटात पंधरा पत्ते, त्यांत दुर्मीळ पत्ता बहुधा एकच आणि तो कोणता हे फोडल्यावरच कळायचे. हवा तो न मिळाल्यास दुसरे पाकीट! पोकेमॉनच्या पत्त्यांचीही तीच तऱ्हा. हा व्यवहार सोडतीच्या फार जवळचा आहे. गंजिफात १२० पाने एकदाच घेतली की झाले.

विषय शोधायला दूर जायला नको. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शायिस्ताखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळपास दोन महिने झुंजवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला. शिबंदीवाचून न चालणारा किल्ल्याचा पत्ता, सुरुंगाचा पत्ता, पावसाचा पत्ता : खेळ जणू रचून ठेवलेला आहे. चित्रे सावंतवाडीच्या चितारींकडून करून घ्यावीत, छपाईला पुणे जिल्ह्याबाहेर जायचे कारण नाही. धोका एकच. आपल्याकडच्या बोधप्रद खेळांत बोध असतो, खेळ नसतो. म्हणून छापण्याआधी कच्चे पत्ते शाखेतल्या बाल स्वयंसेवकांच्या हाती द्यावेत. कंटाळवाणे असतील तर पाच मिनिटांत ती उठून कबड्डी खेळायला जातील.