इंजिन बदलले, पण इंधन यंत्रणेचे काय?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन बसवताना खरा धोका असतो तो इंधन यंत्रणेत.

दाबाचे गणित काय? : कार्ब्युरेटरला साधारण ०.३ बार दाब पुरतो. इंजेक्टरला सुमारे ३ बार, म्हणजे दहापट लागतो. जुना पंप तेवढा दाब देत नाही आणि जुने रबरी पाइप तो सोसत नाहीत. गळती होऊन पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आग लागू शकते.

काय बदलावे लागते? : पंप, फिल्टर, पाइप, क्लॅम्प, प्रेशर रेग्युलेटर आणि बहुतेक वेळा टाकीकडे जाणारी परतीची लाइन.

कायदा काय सांगतो? : मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९मध्ये हेच स्पष्ट केले. नोंदीत नसलेले इंजिन आढळल्यास विम्याचा दावा अडकू शकतो.