जुन्या ईव्हीच्या बॅटरीची तब्येत कागदावर आणा

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री



इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर याव्यात म्हणून आपल्या मंत्रालयाने बरेच केले. हिरवी नंबरप्लेट दिली, २०२१ मध्ये नोंदणीचे शुल्क माफ केले. पण याचा फायदा नवी गाडी घेणाऱ्यांना. ज्यांना नवी परवडत नाही, ते आता सेकंडहँड बाजारात फिरू लागलेत. मीही त्यांतलाच.

डीलर गाडी चालू करतो, डॅशबोर्डकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, शंभर टक्के!" शंभर टक्के कशाचे? बॅटरीची आज जेवढी क्षमता शिल्लक आहे, तिचे. मुळातली किती झिजली, ते तिथे दिसत नाही. ते सांगणारा आकडा म्हणजे 'स्टेट ऑफ हेल्थ'. गाडीची यंत्रणा त्याचा हिशेब ठेवते, पण गिऱ्हाईकाने मागितला की डीलर सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो आणि सर्व्हिस सेंटर म्हणते, मालकाला घेऊन या.

पेट्रोलची जुनी गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला, इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला की निम्मा अंदाज येतो. इथे आवाज नाही, धूर नाही, म्हणून पीयूसीही नाही. किलोमीटरवरही भिस्त ठेवता येत नाही. चाळीस हजार किलोमीटर झालेल्या दोन गाड्या घ्या. एक रोज रात्री घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर सावकाश चार्ज झालेली. दुसरी सतत फास्ट चार्जरवर, आणि पूर्ण चार्ज करून मे महिन्याच्या उन्हात उभी राहिलेली. नागपूरचे ऊन आपल्याला मी काय सांगावे! दोन्ही बॅटऱ्या सारख्या कशा उरतील?

जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली, तेव्हा बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी होती. म्हणजे पहिल्या खेपेच्या गाड्यांचे हे कवच २०२८ मध्ये गळून पडेल. तेव्हाच त्या आणखी स्वस्त होतील, आणि गाडीतला सर्वांत महागडा भाग कोणत्या अवस्थेत आहे हे कळण्याची गरजही तेव्हाच सर्वांत जास्त असेल. हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये मात्र बॅटरीच्या तब्येतीसाठी एक ओळही नाही.

हे मोजायचे कसे, हा प्रश्न आता उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या तांत्रिक नियमात पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरनंतर किमान ८० टक्के क्षमता शिल्लक असावी, असा निकष आहे. युरोपीय संघात ऑगस्ट २०२४ पासून बॅटरीच्या तब्येतीची माहिती मिळण्याचा हक्क खरेदीदाराला कायद्यानेच मिळाला आहे.

आमच्या मागण्या तीनच. हस्तांतरणाच्या कागदपत्रांसोबत ठरावीक नमुन्यातला बॅटरी अहवाल जोडणे सक्तीचे करा. 'स्टेट ऑफ हेल्थ'चा आकडा मालकाला गाडीच्या पडद्यावर केव्हाही पाहता यावा. आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती व कोणत्या अटींवर मिळते, याची नोंद 'वाहन' पोर्टलवर असावी.

विकणाऱ्यांना भाव पडण्याची धास्ती वाटेल. पण ज्याने बॅटरी जपली, त्याला आज त्या जपणुकीचा एक रुपयाही जास्त मिळत नाही. अहवाल असेल तर तो चार पैसे हक्काने मागू शकेल.

सगळे एकदम जमणार नसेल तर डीलरांपासून सुरुवात करा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना अधिकृत प्रमाणपत्र घेण्याचा नियम आपल्याच मंत्रालयाने लागू केला. त्याच नियमात बॅटरी अहवालाची अट घालायला एक अधिसूचना पुरेशी आहे.

आपला,
जुन्या ईव्हीच्या शोधातला एक पुणेकर