पट्टा आणि पायरी

बडोद्याचा मराठी माणूस सुरतेस गेला की तेथील गुजराती स्नेही 1664 सालाची थट्टा केल्यावाचून राहत नाहीत. गेल्या महिन्यात आम्ही गेलो ते मात्र अगदी शांततेच्या कामासाठी. नातवाची तायक्वांदोची परीक्षा होती.

लाथाबुक्क्यांची ही शास्त्रशुद्ध विद्या कोरियाची. तिचे आजचे नाव 1955 सालचे. ऑलिंपिकचे पदक तिला 2000 साली सिडनीत लाभले. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तांबडा असे पट्टे चढत काळ्यापर्यंत जावयाचे. रांग लागते ती वयाने नव्हे, पट्ट्याने. बारा वर्षांची तांबड्या पट्ट्याची मुलगी पुढे, आणि पांढरा पट्टा बांधलेले चाळिशीचे एक कापडाचे व्यापारी शेवटच्या ओळीत! सरावास जोडी लागली तेव्हा आधी ते कमरेतून वाकले, मग ती वाकली. तास संपल्यावर मात्र दाराशी तीच मुलगी बाजूला सरून म्हणाली, 'पहेलां तमे, काका.'

आमच्या पिढीला पहिले दृश्य खटकते आणि दुसरे आवडते. वस्तुतः दोन्ही एकच आहेत. आपल्या तालमीत तरी काय होते? घर कितीही मोठे असो, हौद्यात उतरताना मातीला कपाळ लावायचे आणि वस्ताद सांगतील तेथे उभे राहावयाचे.

नातू नापास झाला. हालचालींचा ठरलेला क्रम तो मध्येच विसरला. चिरंजीव रागावून म्हणाले, 'दुसरीकडे तीन महिन्यांत पट्टा देतात. तिकडे घालतो.' आम्ही स्पष्ट विरोध केला.

ही पायऱ्यांची पद्धत काही पुरातन नव्हे. जपानच्या जिगोरो कानो यांनी 1883 मध्ये दोन शिष्यांना ज्युदोची पहिली 'दान' दिली. कल्पना घेतली होती 'गो' या पटावरील खेळातून. तीच पुढे कोरियन विद्येत आली. तेव्हा पट्ट्याला वजन येते ते पुरातनपणामुळे नव्हे, देणाऱ्याच्या सचोटीने आणि घेणाऱ्याच्या घामाने. पैसे मोजून मिळालेला पट्टा म्हणजे केवळ कापड. आणि कापड सुरतेत हवे तितके मिळते.

आमच्या बडोद्यात प्रो. माणिकरावांचा लौकिक देशभर झाला. त्यांच्या कमरेला कोणता रंगीत पट्टा नव्हता. परंतु शिष्य एवढा मोठा होऊनही संस्थेचे नाव राहिले ते गुरूचेच : जुम्मादादा व्यायाम मंदिर. ज्येष्ठत्व म्हणजे काय, हे त्या पाटीवर वाचावे. वर चढलेल्याने खालच्या पायरीला विसरू नये, एवढाच त्याचा अर्थ.

चिरंजीवांनी अखेर ऐकले. नातू तेथेच, त्याच पिवळ्या पट्ट्यात, शिकतो आहे. पुढची परीक्षा दिवाळीनंतर आहे. तेव्हाही आम्ही जाऊ. सुरत काही दूर नाही.