अभिवादनाची परतफेड

राहात्याच्या बाजारपेठेत रात्री दुकानाचं शटर खाली येताना शेजारचा विचारतो, "वाढवलं का?" 'बंद केलं' हा शब्द अशुभ वाटतो म्हणून दुकान वाढवायचं. बांगडीही फुटत नाही, वाढते. निघताना पाहुणा 'जातो' म्हणाला तर म्हातारी माणसं लगेच टोकतात, "येतो म्हणावं." मालवणी माणूस तेच 'येतंय' म्हणतो, दखनी बोलणाऱ्या घरात 'जाके आता' म्हणतात. बोली बदलते, पण मागणं एकच असतं: सुखरूप परत ये.

शिंकेचंही तसंच. लेकरू शिंकलं की आजी 'शतंजीव' म्हणते. मुस्लिम घरात शिंकणारा 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो आणि ऐकणारा 'यरहमुकल्लाह', म्हणजे अल्लाह तुझ्यावर दया करो. स्पेनमध्ये अशा वेळी येशूचं नाव घेतात, तर तीच स्पॅनिश बोलणारे मेक्सिकोतले लोक 'सालुद', म्हणजे आरोग्य, म्हणतात. पंगतीत यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, तसं तिकडे जेवणाऱ्या अनोळखी माणसालाही 'बुएन प्रोवेचो' म्हणतात. त्याच भाषेतला 'ओहाला' हा 'तसं घडो' या अर्थाचा शब्द अरबीतून आलेला, 'इन्शाअल्लाह'च्या नात्यातला. ग्रानादाची मुस्लिम सत्ता १४९२ मध्ये संपली. तो शब्द मात्र आजही चर्चला जाणाऱ्यांच्या तोंडी आहे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. गोव्यात आभार मानताना कोकणीत 'देव बरें करूं' म्हणतात. राहात्याशेजारच्या शिर्डीत साईबाबा मशिदीत राहिले, तिला द्वारकामाई म्हणाले आणि त्यांच्या तोंडी 'अल्ला मालिक' असे. १९१८ मध्ये ते गेले. त्यांच्या गावी येणारा भाविक आज 'ओम साईराम' म्हणतो. याच रस्त्यांवर राम राम, जय भीम, जय जिनेंद्र, राम कृष्ण हरी आणि सलाम रोज एकमेकांना भेटतात.

अडचण अलीकडची आहे. अभिवादन ऐकताच आधी ते कोणाचं हे तपासलं जातं आणि मग उत्तर द्यायचं की नाही ते ठरतं. राम रामला गप्प राहणारे आहेत, सलामकडे पाठ फिरवणारे आहेत. मुस्लिमांतही 'खुदा हाफिज' बरोबर की 'अल्लाह हाफिज', यावरून चहाच्या टपरीवर वाद झडतात. वास्तविक 'खुदा' हा फारसी शब्द आणि दोन्हींचा अर्थ एकच: देव तुझं रक्षण करो. रक्षणाची प्रार्थना करतानाच माणसं एकमेकांना दुखावत असतील, तर उरलं काय?

कुरआनातल्या सूरह अन्-निसाच्या ८६व्या आयतीत सांगितलं आहे की, कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं अभिवादन करावं, निदान तेवढं तरी परत द्यावं. ते कोणत्या भाषेत असावं, अशी अट तिथे नाही. उधारी बुडवू नये हे बाजारातला प्रत्येक दुकानदार जाणतो. सदिच्छाही उधारीसारखीच, फक्त ती व्याजासह फेडायला हरकत नाही.

रमजानमध्ये इफ्तारच्या घाईत घराकडे निघालेल्या रोजेदाराला शेजारी हाक मारून सांगतो, "सावकाश जा, भाऊ." तीही दुआच आहे. तिला उत्तर राहू नये.