सात नंबरचा रस्ता कुणाच्या बापाचा?

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात. वाराणसीहून निघायचा आणि नागपूर, हैदराबाद, बंगळूर करत कन्याकुमारीला जायचा. मधे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी ही गावं लागतात. मी ह्याच रस्त्याच्या कडेला वाढलो. २०१० साली सरकारनं देशभरच्या रस्त्यांचे नंबर बदलले, आमचा सात नंबर चव्वेचाळीस झाला. आणि नेमक्या त्याच साली पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' नावाचा संगीत महोत्सव सुरू झाला. आमचा नंबर गेला आणि बकार्डी नावाच्या दारूला चिकटून फलकावर झळकला.

महोत्सव वाढला. २०११ ला दिल्ली, बंगळूर. २०१२ ला कोलकाता. २०१५ ला शिलाँग. २०१९ ला स्वीडनची ओपेथ पुण्यात येऊन वाजवून गेली. २०२२ ला व्हिडिओ गेमच्या धंद्यातल्या नॉडविन कंपनीनं तो विकत घेतला. एवढा फिरला, पण ज्या रस्त्याचं नाव मिरवलं त्या रस्त्यानं यवतमाळात एकदाही उतरला नाही. काहून उतरंल? विमानतळ, पंचतारांकित हॉटेल, तिकिटाला हजारो मोजणारी पोरं जिथं आहेत तिथंच असला महोत्सव वाढतो. बाकीचा देश त्यांना खिडकीतून दिसतो.

आमच्यातलेच काही म्हणतील, बरं झालं! ते बड्या बापांच्या पोरांचं इंग्रजी बोंबलणं, आपला काय संबंध? मित्रांनो, इथंच माझं तुमच्याशी भांडण आहे.

हे हेवी मेटल जन्मलं कुठं? कुठल्या राजवाड्यात नाही. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममधे, कारखान्यांच्या वस्तीत, १९६८ साली. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांच्या ह्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीननं खाल्ली. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि गिटार धरली. पुढं बोटांना ताण कमी पडावा म्हणून तारा सैल केल्या, त्यातनं तो जड, खालचा, छातीत घुमणारा आवाज आला. त्यांचा गायक ऑझी ऑसबर्न कत्तलखान्यात राबलेला. आमच्याकडे जिनिंगच्या मशीनवर हात टाकून पोट भरणाऱ्यानं हा आवाज परका का मानायचा?

परकं आहे ते ह्या आवाजाभोवती उभं राहिलेलं कुंपण. लोलापलूझाचं पाहा. १९९१ ला अमेरिकेत जेन्स ॲडिक्शन ह्या बँडचा निरोपाचा दौरा म्हणून तो निघाला. गावोगाव फिरला, वाढला, दमला, शेवटी २००५ पासून शिकागोच्या एका बागेत ठाण मांडून बसला. मग देशोदेशी त्याच्या शाखा निघाल्या. २०२३ च्या जानेवारीत मुंबईत आला तो कुठं? महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर! घोड्यांच्या मैदानावर बंड विकायला.

आपल्याकडेही सुरुवात वेगळी होती. १९८६ ला 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला तो धोबी तलावच्या रंगभवनात. सरकारी, उघडं नाट्यगृह. शेजारी हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातला आवाज बंद पडला. दवाखान्यातल्या रोग्याला झोप मिळावी, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सरकारनं एक सार्वजनिक जागा बंद केली, तर तसलीच दुसरी उघडून दिली का? नाही. संगीत गेलं खाजगी मैदानांवर. खाजगी मैदान म्हटलं की भाडं आलं, भाड्यासाठी प्रायोजक आला, प्रायोजकासाठी पैसेवालं गिऱ्हाईक आलं. २०१३ नंतर इंडिपेंडन्स रॉक थांबला आणि २०२२ ला परतला तो महिंद्रा कंपनीचं नाव डोक्यावर घेऊनच.

त्या कुंपणाच्या आत मी गेलोय. तिकीट काढून नाही. पुण्यात शिकताना अशाच एका महोत्सवात तीन दिवस बॅरिकेडं उचलली. तिसऱ्या दिवसाची मजुरी ठेकेदारानं बुडवली. रात्री मैदानातले प्लॅस्टिकचे पेले वेचणाऱ्या बाया कुठल्या वस्तीतल्या होत्या हे सांगायला नको. स्टेजवर व्यवस्थेविरुद्ध बोंब चाललेली आणि व्यवस्था खाली वाकून झाडू मारत होती. त्या गर्दीतले काळे टी-शर्ट ज्या कापसाचे, ती पऱ्हाटी आमच्या भागात पिकते. २०१७ ला त्याच पिकावर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं मेले. हेवी मेटलला मरण, विष, काळोख हे विषय लागतात ना? आमच्याकडे मुबलक आहेत. विकत आणावे लागत नाहीत.

तेव्हा फुकट पास मागू नका. 'आमच्याकडे पण या' असा अर्ज करू नका. फिरतं संगीत आपल्याला कुणी शिकवायला नको. सत्यशोधक जलसे गावोगाव गेले. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गेला. वामनदादा आयुष्यभर फिरले. ना तिकीट, ना मनगटाला पट्टा. आणि २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत पा. रंजितनं उभ्या केलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'नं गाना, रॅप आणि रॉक एकत्र करून जातीचं नाव घेऊन गाऊन दाखवलं. विजेची गिटार बाटत नाही.

आता आपल्या घरात बघा. १४ एप्रिलला आपण काय करतो? वर्गणी काढतो, डीजेची भिंत भाड्यानं आणतो, पुढाऱ्याचा फोटो तिच्यावर टांगतो आणि सिनेमाच्या चालीवर नाचतो. हे पण प्रायोजकाचंच संगीत, बाटली तेवढी वेगळी! वस्तीतलं पोट्टं गाणं लिहितं, ते कोपऱ्यात उभं.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या जयंतीला डीजेचं भाडं अर्धं करा. उरलेल्या पैशात दोन गिटारी, एक ड्रमसेट, एक जनरेटर. ढोलकी आपली आहेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज करा. वडकीला एक रात्र, करंजीला एक, पांढरकवड्याला एक, पाटणबोरीला एक. दहा वाजता भोंगा बंद, म्हणून सहाला सुरू करा. शेतातनं परतलेल्या बाया पुढच्या रांगेत बसतील आणि त्यांच्या पोरी माईक धरतील. कुंपण घालायचं नाही, पावती फाडायची नाही. पेले शेवटी वाजवणाऱ्यांनीच उचलायचे.

रस्ता आपल्या दारातनं जातो. नंबर सात असो का चव्वेचाळीस. वर्गणीची वही काढा.