‘आपण जिंकलो’ म्हणजे नक्की कोण जिंकलं?



आयपीएल सुरू झाली की आपल्या घरांतल्या ‘आपण’ या शब्दाचा अर्थच बदलतो. ‘काल आपण जिंकलो.’ ‘आपली बॅटिंग ढेपाळली.’ भिवंडीत सुताचा आणि ग्रे कापडाचा धंदा करणारी, वानखेडेची पायरीही न चढलेली मंडळी हे बोलतात, आणि मुंबई हरली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी धड बोलत नाहीत. ‘असू दे गं, पुरुषांचा छंद आहे’ असं म्हणून आपण सोडून देतो. मला आता ते सोडून द्यायचं नाही.

कोण हे ‘आपण’? मुंबई इंडियन्स हा संघ 2008 साली रिलायन्सने 11 कोटी 19 लाख डॉलरला घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत खेळाडूंचा लिलाव झाला आणि तेव्हापासून बोली लागतच आहे. रोहित शर्मा पहिली तीन वर्षं हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडे होता, म्हणजे ‘त्यांचा’. 2011 पासून तो ‘आपला’. अहो, आपण व्यापारी घरातल्या बायका. पेढीवरचा मुनीम जास्त पगारावर दुसऱ्या पेढीवर गेला तर आपण नवा शोधतो, जुन्याच्या नावाने आरोळ्या ठोकत नाही.

पुण्याचं उदाहरण बघा. पुणे वॉरियर्स 2011 ला आले, 2013 नंतर गेले. मग चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली, तेवढ्यापुरता 2016 मध्ये दुसरा पुणे संघ निघाला, धोनीही त्यात होता. 2017 ची फायनल तो संघ मुंबईकडून एका धावेने हरला आणि मुदत संपली म्हणून बंद झाला. ज्यांनी त्या धावेसाठी रात्रभर डोळे पुसले, त्यांच्या भक्तीचं पुढे काय झालं? माझ्या पुण्याच्या नणंदेकडे ती जर्सी आता फरशी पुसायला आहे. (पॉलिएस्टर आहे, पाणीसुद्धा नीट टिपत नाही.)

कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? खोटं प्रेम, खोटं दुःख, चार घटका करमणूक. माझा आक्षेप नेमका इथे आहे. प्रेम खोटं असेल, द्वेष खोटा नसतो.

हार्दिक पंड्याचं आठवा. मुंबईत घडला, मग गुजरातकडे गेला, 2022 मध्ये त्यांना जिंकून दिलं. 15 डिसेंबर 2023 ला मुंबईने त्याला रोहितच्या जागी कर्णधार जाहीर केलं. पुढच्या मार्चमध्ये अहमदाबादला लोकांनी त्याची हुर्यो उडवली, कारण तो सोडून गेला. 1 एप्रिलला वानखेडेवर उडवली, कारण तो परत आला! टॉसला संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं की जरा नीट वागा. हे सगळे ‘आपल्याच’ संघाचे भक्त बरं का. मग 29 जूनला बार्बाडोसमध्ये त्याने वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर टाकली, भारत सात धावांनी जिंकला, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’चा गजर. माणूस तोच, मैदान तेच, मध्ये तीन महिने. कुणाला अवघडल्यासारखंही झालं नाही.

तो मोठा माणूस, त्याने सोसलं. पण त्याच मार्चच्या 27 तारखेला, माझ्या माहेरच्या जिल्ह्यात, कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात काही जण मिळून मुंबई-हैदराबाद मॅच बघत होते. रोहित आउट झाला. साठी ओलांडलेले एक चेन्नईप्रेमी गृहस्थ खूश झाले, आता मुंबई कसली जिंकते, असं काहीसं बोलले. गावातल्याच दोघांनी त्यांना इतकं मारलं की काही दिवसांत ते दवाखान्यात वारले. चेन्नईची मॅच तर नव्हतीच त्या दिवशी. मुंबई 31 धावांनी हरली, तीही हजार मैलांवरच्या वाटावी इतक्या परक्या मैदानावर, आणि इथे एका घराचा कर्ता गेला.

स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांना अनर्थदंडाचे पाच प्रकार तोंडपाठ असतात. त्यातलं अपध्यान समजावताना पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत काय सांगितलंय ते एकदा काढून वाचा. दुसऱ्यांचा जय कसा होईल, पराजय कसा होईल याचं चिंतन त्यांनी आधी घेतलंय, आणि वध, बंधन त्याच्यापुढे. पूर्वी मला वाटायचं, जय-पराजयासारखी साधी गोष्ट वधाच्या पंगतीला कशी बसवली? त्या खेड्यातली बातमी वाचल्यावर ती ओळ मला वेगळीच दिसायला लागली.

आमच्या घरी यावर मला उत्तर मिळालं : ‘तुम्ही नाही का देवळात जयजयकार करत? मूर्ती कुठे ऐकते?’ नाही ऐकत. वीतराग भगवान आपल्या जयजयकाराने प्रसन्न होत नाहीत, हे आपल्या मुलींना पाठशाळेतच कळतं. आपण नमस्कार करतो तो त्यांचे गुण अंगी यावेत म्हणून. आता मला सांगा, मुंबई इंडियन्सचा कोणता गुण अंगी येतो? बुमराहचा यॉर्कर? खेळायचा सराव असता तर मी एक शब्द बोलले नसते. आमच्या सोसायटीतली पोरं संध्याकाळी पार्किंगमध्ये खेळायची, ती मॅचच्या दिवशी सोफ्यावर असतात.

आणि साडेसातची मॅच म्हणजे सूर्यास्तापूर्वीचं जेवण ‘भूक नाही’ म्हणून अर्धवट टाकायचं, नि नऊ वाजता भजी मागायची. वर्षभर नियम पाळणारी घरं या दोन महिन्यांत ढिली पडतात, आणि कढई आपणच चढवतो. रात्री मला कुणी विचारतं, ‘आपण किती केले?’ मी सांगते, मी चौदा पोळ्या केल्या, तुमचं माहीत नाही.