विजया, गांजा आणि आपले दप्तर

अमली पदार्थांच्या अवैध बाजाराला आवर घालण्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये दोन पावले उचलली. अमली पदार्थविरोधी कृती दलासाठी मंत्रिमंडळाने ३४६ नवीन पदे व सुमारे २२ कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला; विधिमंडळाने ‘मकोका’ कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांची संघटित तस्करी त्याच्या कक्षेत आणली. आम्ही दोन्हींचे स्वागत करतो. गांजाच्या आहारी गेलेल्या तरुणाचे आईवडील अखेर वैद्याच्याच दारी येतात.

मात्र या कारवाईच्या धास्तीने विजयेचे योगच सोडून द्यावेत, असा सूर आपल्यात उमटत असेल तर तो आम्हांस मान्य नाही. शार्ङ्गधरांच्या जातिफलादि चूर्णात इतर सर्व द्रव्यांइतकी भांग व त्या सर्वांइतकी साखर असते; म्हणजे चूर्णाचा चौथा भाग भांगेचा. ती वगळून केलेले चूर्ण ग्रहणीच्या रुग्णास त्याच नावाने देणे ही रुग्णाची फसवणूक होय.

कायद्याने भेद स्पष्ट केला आहे. १९८५ च्या केंद्रीय कायद्यानुसार झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्यात मोडत नाहीत. परंतु भांग म्हणजे मोकळे रान नव्हे. तिच्यावर राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे आणि औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत बिया वगळता ती विषद्रव्यांत गणली आहे. पोत्यातील पानांत शेंडे मिसळलेले निघाले, तर ती भांग राहत नाही.

आमचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. सेलूहून बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरील आमच्या हिंगणीसारख्या गावांना ठाऊक आहे की, केवळ छाप्यांनी हातभट्टी संपत नाही. भांगेचेही तसेच आहे. सरळ मार्ग दुर्गम असला की आडमार्ग रुळतो, आणि बिलाविना पोते घेणारा औषधनिर्माता नकळत त्याच अवैध बाजाराचा गिऱ्हाईक होतो.

म्हणून शासनाकडे आमचे मागणे एवढेच : पोलीस, राज्य उत्पादन शुल्क आणि अन्न व औषध प्रशासन या तिन्ही खात्यांनी औषधी भांगेची खरेदी, वाहतूक व साठा यांविषयी एकच स्पष्ट परिपत्रक काढावे. मंजूर निधीतील थोडा भाग पाने व शेंडे यांची पारख शिकविण्यावर खर्च व्हावा; आयुर्वेद महाविद्यालयांचे द्रव्यगुण विभाग ते काम आनंदाने करतील.

परंतु मागण्याआधी आपले घर झाडले पाहिजे. भांग परवानाधारकाकडूनच, बिल घेऊन खरेदी करावी. आवक, शोधन, वापर व शिल्लक यांची वजनासह नोंद रोजच्या रोज ठेवावी. औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असल्याची खात्री करावी. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस औषध कायद्याखाली परवाना लागत नाही. म्हणूनच औषधालय चालकांची जबाबदारी अधिक. विजयेचा योग चिठ्ठीविना कोणाच्याही हाती देऊ नये, मागणारा ओळखीचा असला तरीही.

तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढे ग्रंथाचा आधार उपयोगी पडेल, पण आधी तो नोंदवही मागेल. ती चोख असेल, तर विजया औषधच राहील.